फ्लॅग की वेळ? बुकिंगच्या टेबलात बुलियन आणि टाइमस्टॅम्प यांची तुलना

देवस्थानाच्या अग्रशाळेतल्या (यात्रेकरूंच्या निवासातल्या) खोल्यांचं ऑनलाइन बुकिंग असो, काणकोणातल्या होमस्टेचं असो की एखाद्या मंडळाच्या वार्षिक वर्गणीची नोंद असो, डेटाबेसचं टेबल आखताना हात आधी बुलियनकडे, म्हणजे हो-नाहीच्या फ्लॅगकडे जातो. इज_पेड, इज_कॅन्सल्ड, इज_चेक्ड_इन. उत्तर हो किंवा नाही. त्याऐवजी पेड_अ‍ॅट, कॅन्सल्ड_अ‍ॅट, चेक्ड_इन_अ‍ॅट असे टाइमस्टॅम्प, म्हणजे तारीख-वेळ ठेवणारे कॉलम ठेवता येतात. कॉलम रिकामा, म्हणजे नल असेल तर गोष्ट अजून घडलेली नाही. भरलेला असेल तर ती घडली आहे, आणि कधी घडली तेही कळतं.

आमचा कल उघडपणे टाइमस्टॅम्पकडे आहे, पण सरसकट नाही. कॉलम ठरवताना एकच गोष्ट आधी विचारावी: ही एका क्षणी घडणारी घटना आहे, की वस्तूचा किंवा माणसाच्या पसंतीचा गुण आहे? पैसे मिळतात, बुकिंग रद्द होतं, पाहुणा खोलीत येतो. या घटना आहेत. खोलीत एसी असतो, जेवण शाकाहारी हवं असतं. हे गुण आहेत. पहिल्या प्रकाराला वेळ लागते, दुसऱ्याला बुलियन पुरतं.

फ्लॅगमध्ये काय हरवतं

समजा, येण्याच्या ४८ तास आधी रद्द केलं तर पूर्ण रक्कम परत आणि त्यानंतर निम्मी, असा नियम आहे. इज_कॅन्सल्ड ‘हो’ आहे एवढ्यावरून परतावा ठरत नाही. मग कोणीतरी अपडेटेड_अ‍ॅट पाहतो. तो कॉलम मात्र त्या नोंदीतल्या कुठल्याही बदलाने पुढे सरकतो. रद्द झाल्यावर दोन दिवसांनी कार्यालयातून कोणी फोन नंबरातला एक आकडा दुरुस्त केला, की रद्द होण्याची वेळ म्हणून तीच दुरुस्तीची वेळ दिसू लागते आणि पाहुण्याचे पैसे विनाकारण अडतात.

होमस्टेवाल्यांना याहून नेमकी गरज असते. परदेशी पाहुणा उतरला की त्याची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते. सगळे त्याला सी-फॉर्म म्हणतात. ‘सी-फॉर्म पाठवला: हो’ या नोंदीवरून मुदत पाळली की नाही ते कळत नाही. चेक्ड_इन_अ‍ॅट आणि सी_फॉर्म_सेंट_अ‍ॅट या दोन वेळा असतील तर एका वजाबाकीत उत्तर मिळतं, आणि अठरा तास होऊनही फॉर्म गेलेला नाही अशा पाहुण्यांची यादी सकाळी आपोआप काढता येते. फ्लॅगवर ही यादी काढायची सोय नाही.

दोन्ही पद्धती रोजच्या वापरातल्या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे वेबसाइट बांधायच्या तयार सांगाड्यांत सापडतात. लारावेलच्या तयार युजर्स टेबलात ईमेल_व्हेरिफाइड_अ‍ॅट ही वेळ असते आणि सॉफ्ट डिलीट (ओळ न पुसता ‘काढली’ अशी फक्त खूण करणं) डिलीटेड_अ‍ॅटवर चालतं. जँगोच्या तयार युजर मॉडेलात इज_अ‍ॅक्टिव्ह हे बुलियन आहे. ईमेलची पडताळणी ही घटना आहे, म्हणून तिथे वेळ. खातं चालू-बंद हा बटणासारखा वापरायचा गुण आहे, म्हणून तिथे बुलियन. मात्र ‘हे खातं केव्हापासून बंद आहे’ असा प्रश्न तुमच्याकडे येत असेल, तर जँगोतही वेगळा डीअ‍ॅक्टिव्हेटेड_अ‍ॅट जोडावा लागतो.

बुकिंगच्या एका साध्या व्यवस्थेत आम्ही अशी वाटणी करू:

| काय नोंदवायचं | कॉलम | का |
|---|---|---|
| पैसे मिळाले | पेड_अ‍ॅट | पावती, बँकेशी ताळमेळ, आर्थिक वर्ष |
| बुकिंग रद्द | कॅन्सल्ड_अ‍ॅट आणि कॅन्सल्ड_बाय | परतावा वेळेवर आणि रद्द कोणी केलं यावर ठरतो |
| खोलीत एसी | बुलियन, नॉट नल (रिकामं चालणार नाही) | गुण आहे, घटना नाही |
| शाकाहारी जेवण | बुलियन, नॉट नल | पसंती |
| पावसाळ्यात बंद | ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या दोन तारखा | हा काळ आहे, क्षण नाही |
| व्हॉट्सअ‍ॅप संदेशांना संमती | वेगळं टेबल, दर बदलाला एक ओळ | देणं-काढणं पुन्हा पुन्हा होतं |
| पाच-सहा टप्प्यांची स्थिती | स्टेटस, जोडीला प्रत्येक टप्प्याची वेळ | फक्त वेळांवरून स्थिती काढणं किचकट होतं |

संमतीची ओळ नीट पाहावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती परत घेण्याचा हक्क आहे, आणि वाद झाला तर संमती घेतली होती हे दाखवण्याची जबाबदारी डेटा वापरणाऱ्यावर येते. एका टाइमस्टॅम्पने इथे भागत नाही. संमती काढली की कॉलम नल होतो आणि ती पूर्वी कधी दिली होती तेही पुसलं जातं. जी गोष्ट अनेकदा चालू-बंद होते आणि जिचा इतिहास लागतो, तिला प्रत्येक वेळी नवी ओळ हवी.

बुलियनच हवं अशी एक जागा

देवस्थानाच्या महाजनांच्या समितीची किंवा हाउसिंग सोसायटीची गुप्त मतदानाची निवडणूक ऑनलाइन घेत असाल, तर मतदारयादीत ‘मत दिलं’ हा साधा बुलियनच ठेवावा. तिथे वोटेड_अ‍ॅट ठेवला आणि मतांच्या टेबलात क्रिएटेड_अ‍ॅट राहिला, तर दोन याद्या वेळेनुसार लावून कोणी कोणाला मत दिलं हे काही मिनिटांत काढता येतं. मतांच्या टेबलातला क्रमाने वाढणारा आयडीसुद्धा हेच करतो, म्हणून तिथे यादृच्छिक आयडी वापरावा. वेळेची नोंद ही स्वतःच एक माहिती असते, आणि काही ठिकाणी ती नसणंच योग्य. अनेक फ्रेमवर्क क्रिएटेड_अ‍ॅट न विचारता जोडतात, तेव्हा हे मुद्दाम तपासावं लागतं.

बुलियन निवडलं की त्याला नॉट नल आणि ठरावीक डिफॉल्ट द्यावा. नल चालणारं बुलियन म्हणजे हो, नाही आणि माहीत नाही अशा तीन किमती (व्हॅल्यू). ‘एसी नाही’ अशा खोल्या शोधताना नल असलेल्या खोल्या यादीतून गळतात आणि बराच काळ कोणाच्या लक्षातही येत नाही.

जागा आणि इंडेक्स

जागेचा मुद्दा पुष्कळदा पुढे केला जातो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये बुलियनला १ बाइट लागतो आणि टाइमस्टॅम्पला ८. नल असेल तर किमतीसाठी जागा लागत नाही, फक्त ओळीच्या सुरुवातीच्या नल-नकाशात एक बिट. एक लाख बुकिंगांत एक कॉलम सगळ्या ओळींत भरलेला धरला तरी फरक सात लाख बाइट, म्हणजे एका मेगाबाइटपेक्षाही कमी. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये बुलियन हे टायनीइंट या छोट्या पूर्णांकाचंच दुसरं नाव आहे, १ बाइट. टाइमस्टॅम्पला ४ बाइट लागतात आणि डेटटाइम या तारीख-वेळेच्या दुसऱ्या प्रकाराला ५.६.४ आवृत्तीपासून ५, सेकंदाचे अंश ठेवले तर थोडे जास्त. कोट्यवधी ओळी नसतील तर जागेवरून निर्णय घेऊ नये.

इंडेक्सचा, म्हणजे ओळी पटकन सापडाव्यात म्हणून डेटाबेस ठेवतो त्या सूचीचा, विचार जास्त करावा लागतो. कामाचा प्रश्न बहुधा ‘अजून न झालेली’ नोंद शोधण्याचा असतो: पैसे न आलेली बुकिंगं, न गेलेले सी-फॉर्म. अशी नोंद एकूण टेबलाच्या मानाने थोडी असते. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट या दोहोंत अर्धवट इंडेक्स करता येतो, म्हणजे ‘व्हेअर पेड_अ‍ॅट इज नल’ अशी अट लावून फक्त तेवढ्याच ओळींचा. तो लहान राहतो, आणि पैसे आले की ओळ त्यातून निघून जाते. अटीत चालू वेळ म्हणजे नाउ() घालता येत नाही, कारण तिची किंमत बदलती असते. ‘गेल्या सात दिवसांतली’ ही अट क्वेरीतच, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नातच ठेवावी लागते. मायएसक्यूएलमध्ये अर्धवट इंडेक्स नाही. तिथे पूर्ण कॉलमवरच इंडेक्स करावा.

सॉफ्ट डिलीटमध्ये खरी अडचण युनिक अटीची, म्हणजे एकच किंमत दोनदा येऊ नये या अटीची होते. एका ईमेलचं एकच चालू खातं असावं म्हणून (ईमेल, डिलीटेड_अ‍ॅट) या जोडीवर युनिक लावलं, तर अट काही अडवत नाही. दोन चालू खात्यांत डिलीटेड_अ‍ॅट नल असतो, आणि दोन नल एकसारखे धरले जात नाहीत. बुलियन असेल तर उलट होतं: (ईमेल, इज_डिलीटेड) या जोडीत एकच ईमेल दुसऱ्यांदा डिलीट करता येत नाही, कारण ‘हो’ची एक ओळ आधीच असते. पोस्टग्रेसवर ‘डिलीटेड_अ‍ॅट इज नल’ या अटीचा युनिक इंडेक्स फक्त ईमेलवर लावावा. १५ व्या आवृत्तीपासून ‘नल्स नॉट डिस्टिंक्ट’ हाही मार्ग आहे. मायएसक्यूएलवर, खातं चालू असेल तर १ आणि नसेल तर नल देणारा जनरेटेड (इतर कॉलमांवरून आपोआप काढला जाणारा) कॉलम करून त्याच्या जोडीने युनिक लावतात.

वेळ ठेवली की वेळेची दुखणी येतात

टाइमस्टॅम्पचा मोठा तोटा इथे आहे. बुलियनला टाइमझोन नसतो.

भारतीय वेळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. सर्व्हर यूटीसीवर असेल आणि रोजचा हिशेब यूटीसीच्या तारखेने काढला, तर तुमचा दिवस पहाटे साडेपाचला बदलतो. एरवी रात्री व्यवहार नसतात म्हणून हे झाकून राहतं. पण जत्रेच्या दिवसांत कार्यक्रम मध्यरात्र उलटून चालतात, देणग्या आणि पावण्यांच्या (देवस्थानातल्या लिलावांच्या) रकमा साडेबारा-एकला नोंदवल्या जातात, आणि त्या सगळ्या आदल्या तारखेच्या पावत्यांत जाऊन बसतात. रोख आणि संगणकाचा आकडा जुळत नाही तो यामुळे. १ एप्रिलला पहाटे दोनला आलेली रक्कम यूटीसीत ३१ मार्च, रात्रीचे साडेआठ अशी असते, म्हणजे ती थेट मागच्या आर्थिक वर्षात जाते.

उपाय असा: पोस्टग्रेसमध्ये टाइमझोनसह असलेला प्रकार, टाइमस्टॅम्पटीझेड, वापरावा. तो नावाप्रमाणे झोन साठवत नाही. आलेली वेळ यूटीसीत बदलून ठेवतो आणि वाचताना सेशनच्या झोनमध्ये दाखवतो. अहवालात ‘अ‍ॅट टाइम झोन’ आणि ‘एशिया/कोलकाता’ लावून तारीख काढावी. तीच क्रिया झोन नसलेल्या टाइमस्टॅम्पवर लावली तर उलट दिशेने चालते आणि आकडे अकरा तासांनी चुकू शकतात, म्हणून एकाच डेटाबेसमध्ये दोन्ही प्रकार मिसळू नयेत. ओळी गाळताना प्रत्येक ओळीची तारीख काढत बसण्यापेक्षा त्या दिवसाची सुरुवात आणि पुढच्या दिवसाची सुरुवात भारतीय वेळेत काढून ‘पहिल्यापासून पुढे, दुसऱ्याच्या आत’ अशी तुलना करावी. मग कॉलमवरचा साधा इंडेक्स उपयोगी पडतो.

मायएसक्यूएलमध्ये टाइमस्टॅम्प यूटीसीत ठेवला जातो, पण त्याची मर्यादा १९ जानेवारी २०३८ ला संपते. डेटटाइमला ती मर्यादा नाही, मात्र तो झोनचं काहीच करत नाही. काय लिहिलं ते तसंच राहतं. डेटटाइम निवडल्यास सगळीकडे यूटीसीच लिहायचं हे आधी ठरवून घ्यावं. सेकंदाचे अंश न ठेवणारा डेटटाइम आलेली वेळ पूर्ण सेकंदाला गोल करतो, त्यामुळे २३:५९:५९.६ ही वेळ दुसऱ्या दिवशीची होऊन बसते. जुन्या मायएसक्यूएलमधली एक खोडही लक्षात ठेवावी: टेबलातला पहिला टाइमस्टॅम्प कॉलम काही न सांगता दर अपडेटला आपोआप चालू वेळ घेत असे. ८.० पासून ही सवय डिफॉल्टने बंद आहे, पण जुन्या टेबलांच्या व्याख्येत ती अजून सापडते. पेड_अ‍ॅट असा कॉलम असेल तर प्रत्येक दुरुस्तीला पैसे मिळाल्याची वेळ बदलत राहते.

वेळ कोणी लिहायची हेही ठरलेलं हवं. ब्राउझरकडून आलेली वेळ घेऊ नये. फोनचं घड्याळ कोणीही बदलू शकतं. डेटाबेसने लिहावी. पोस्टग्रेसचं नाउ() डेटाबेसमधला व्यवहार (एकत्र नोंदल्या जाणाऱ्या बदलांचा गट) सुरू झाल्याची वेळ देतं, त्या ओळीची नव्हे. एका व्यवहारात पाचशे नोंदी केल्या तर सगळ्यांना एकच वेळ मिळते. हे बहुधा हवंच असतं. पावसात सत्तरी तालुक्याच्या आतल्या गावात नेटवर्क गेलं आणि चेक-इन फोनवर साठवून नंतर पाठवलं, अशी सोय द्यायची असेल तर मात्र दोन कॉलम लागतात: घटना घडल्याची वेळ फोनकडून, आणि नोंद पोचल्याची वेळ सर्व्हरकडून. वाद झाला की दोन्ही बघता येतात.

कोडमध्ये घसरायच्या जागा

सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक अ‍ॅडमिन फॉर्ममधली. पडद्यावर ‘पैसे मिळाले’ असा चौकोन, मागे पेड_अ‍ॅट. फॉर्म सेव्ह होताना चौकोनावर खूण असेल तर पेड_अ‍ॅटमध्ये चालू वेळ लिहिली जाते. मग पत्ता दुरुस्त केला तरी पैसे मिळाल्याची तारीख आजची. वेळ फक्त कॉलम नल असतानाच लिहावी, आणि ती अट अपडेटच्या क्वेरीतच असावी: ‘पेड_अ‍ॅट इज नल’ असेल तरच बदल. बदललेल्या ओळी १ आल्या तर काम झालं, ० आल्या तर आधीच झालं होतं. पेमेंट गेटवेकडून एकच संदेश दोनदा आला तरी पावती दोनदा जात नाही.

भविष्यातली वेळ हा दुसरा खड्डा. जत्रेचं पत्रक उद्या सकाळी सहाला दिसावं म्हणून पब्लिश्ड_अ‍ॅटमध्ये उद्याची वेळ घातली, आणि एका पानावर ‘नल नाही’ एवढंच तपासलं, तर पत्रक आजच दिसतं. जिथे पुढची वेळ घालायची मुभा आहे तिथे तपासणी ‘पब्लिश्ड_अ‍ॅट आतापर्यंतची आहे का’ अशीच हवी, आणि ती एकाच फंक्शनमध्ये ठेवून सगळीकडून तेच बोलवावं. जिथे मुभा नाही तिथे पुढची वेळ कोडने नाकारावी.

टाइमस्टॅम्प ‘कधी’ सांगतो, ‘कोणी’ नाही. कॅन्सल्ड_बाय सोबत ठेवला तर दोन्ही नल किंवा दोन्ही भरलेले अशी चेक अट डेटाबेसमध्येच लावावी. तसंच नलचा अर्थ ‘अजून नाही’ इतकाच. मंजुरीची विनंती नाकारली गेली असेल तर अप्रूव्ह्ड_अ‍ॅट नलच राहतो, आणि नाकारलेली व प्रलंबित यांत फरक उरत नाही. रिजेक्टेड_अ‍ॅट जोडला की दोन्ही भरले जाण्याची शक्यता येते. दोन-तीन वेळांपर्यंत स्थिती काढून घेणं सोपं असतं. त्यापुढे गेलं की स्टेटस कॉलम घ्यावा, चालणाऱ्या किमतींची यादी चेक अटीत बांधावी आणि वेळा इतिहासासाठी ठेवाव्यात.

बाहेर जाणाऱ्या एपीआयमध्ये, म्हणजे इतर प्रोग्रामना माहिती द्यायच्या मार्गात, इज_पेड हे बुलियन देत राहायला हरकत नाही. मोबाइल अ‍ॅपला तेवढंच लागतं, आणि नल तपासण्याचा नियम तुमच्याकडेच राहतो.

चालू व्यवस्थेत बदल करताना

नवं टेबल असेल तर प्रश्नच नाही. जुन्या टेबलात इज_पेड आहे आणि पेड_अ‍ॅट हवा आहे, तर आधी नल चालणारा कॉलम डिफॉल्टशिवाय जोडावा. इथे नाउ() हा डिफॉल्ट दिला की जुन्या सगळ्या ओळींत मायग्रेशन (टेबलाची रचना बदलणारी स्क्रिप्ट) चालवल्याची वेळ भरते, म्हणजे कधीच पैसे न भरलेली बुकिंगंही भरलेली ठरतात.

दुसरी पायरी, कोडने दोन्ही कॉलम एकत्र लिहायला सुरुवात करावी. जुन्या ओळी भरायचं काम त्यानंतर. उलट क्रमाने केलं तर मधल्या काळात आलेल्या नोंदी सुटतात. भरताना पाच-पाच हजार ओळींचे तुकडे करावेत, म्हणजे टेबल अडून राहत नाही. वेळ आणायची कुठून, हा कठीण भाग. पेमेंट गेटवेची नोंद किंवा पावतीची तारीख असेल तर तीच घ्यावी. काहीच नसेल तर अपडेटेड_अ‍ॅट ही वरची मर्यादा आहे: पैसे त्या वेळी किंवा त्याआधी आले असतील, नंतर नाही. ती वापरली तर पेड_अ‍ॅट_अंदाजे असा बुलियन कॉलम जोडावा आणि हिशेबाच्या अहवालात अशा ओळी वेगळ्या दाखवाव्यात. अंदाजाची वेळ खऱ्यासारखी मिसळून ठेवणं ऑडिटरसमोर अडचणीचं ठरतं. भरतानाच अपडेटेड_अ‍ॅट आपोआप बदलणार नाही याचीही खबरदारी घ्यावी, नाहीतर काम अर्ध्यात थांबवून पुन्हा सुरू करताना मूळ पुरावाच गेलेला असतो.

मग दोन्ही बाजूंची मोजणी जुळवावी: इज_पेड ‘हो’ असून पेड_अ‍ॅट नल असलेल्या ओळी शून्य, आणि उलटही शून्य. जुळलं की वाचणारा कोड नव्या कॉलमवर न्यावा. जुना कॉलम लगेच काढू नये. वेबसाइटचा कोड तुमच्या हातात असतो, पण कार्यालयातल्या संगणकावरची एखादी एक्सेल शीट किंवा ऑडिटरसाठी कोणी करून दिलेली जुनी क्वेरी थेट इज_पेड वाचत असते. पोस्टग्रेसवर १२ व्या आवृत्तीपासून जुन्या कॉलमच्या जागी त्याच नावाचा जनरेटेड कॉलम ठेवता येतो, ‘पेड_अ‍ॅट इज नॉट नल’ या सूत्राचा. असा स्टोअर्ड (किंमत साठवून ठेवणारा) कॉलम जोडताना टेबल पूर्ण नव्याने लिहिलं जातं आणि तोवर अडलेलं राहतं, म्हणून मोठ्या टेबलावर हे काम गर्दी नसलेल्या वेळी करावं. या जनरेटेड कॉलमात कोणी लिहू शकत नाही, वाचणाऱ्याला फरक कळत नाही, आणि मार्चअखेरचे अहवाल एकदा निघून गेले की तोही काढून टाकता येतो.